दुसऱ्याच्या तोंडचा नवस

जोतिबावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असले अनुभव लिहिताना लोक पहिल्या ओळीलाच हात जोडतात. माझे हात त्या काळात जोडायला वर नेले तरी खांद्यात कळ यायची, त्यामुळे तेही नीट होत नव्हतं. आमचं कुलदैवत जोतिबा. लहानपणापासून रविवारी घरात त्याच्या नावाचा दिवा, चैत्रात कपाळभर गुलाल, देव्हाऱ्यात दवणा. ज्या देवाला एवढी वर्षं मानलं त्यानं माझ्या अंगात असं दुखणं घातलं की जे कुणाला दाखवताच येत नाही. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. ताप असता तर थर्मामीटरनं माझी बाजू घेतली असती. माझं दुखणं मुकं होतं, आणि मुक्याच्या बाजूनं साक्ष द्यायला कोण येतो! मला बरं व्हायचं होतंच, पण खरं सांगते, बरं होण्याच्याही आधी मला एवढंच हवं होतं की घरातल्या एका माणसानं तरी म्हणावं, हिचं दुखतंय ते खरं आहे.

मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर खडूनं नकाशा काढायची मला भारी हौस. कोकणपट्टी, घाट, नद्या, सगळं बोलता बोलता हातातून उतरायचं. एके दिवशी सह्याद्री काढताना हात वर टिकेनाच. आधी मान, मग खांदे, पाठ, कंबर, मांड्या, असं ते दुखणं पसरत गेलं. सकाळी उठावं तर रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखं अंग. झोप लागायची, पण त्या झोपेनं विसावा म्हणून मिळायचा नाही. बांगड्या मनगटाला जड व्हायला लागल्या, ब्लाउजची शिवण टोचायला लागली. शिकवताना साधे शब्द सुचेनात. एकदा 'पठार' हा शब्द आठवेना म्हणून खडू हातात धरून नुसती उभी राहिले, आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. भूगोलाच्या बाईला पठार आठवू नये, यात त्यांची तरी काय चूक!

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त झालं, एक्सरे झाला, पाठीचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. हा 'नॉर्मल' शब्द मला शिवीसारखा लागायला लागला. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "टेन्शन घेतात मॅडम, बाकी काही नाही." यांचा चेहरा असा काही सैल झाला, की जणू निकाल आमच्या बाजूनं लागला. माझे पती शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. ओतकाम तपासण्यात त्यांची उमर गेली. त्या दिवशी घरी येताना गाडीवर मला म्हणाले, "कास्टिंग वरून चांगलं दिसतं आणि आत पोकळी असते, असं होतं की. पण एक्सरेत ती पोकळी दिसतीच. तुझ्या एक्सरेत काहीच न्हाय." मी मागं बसले होते. खड्ड्यातून गाडी गेली तशी पाठीत जी कळ आली ती त्यांच्या कुठल्याच एक्सरेत आली नसती.

घरात आम्ही तिघंच. मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि घरात हे, मी आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती म्हणजे खणखणीत बाई. सत्तरी ओलांडली तरी आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. वाईट नव्हत्या, आजही नाहीत. पण ज्या बाईनं उभा जन्म दुखणं अंगावर काढलं तिला दुसऱ्याचं दुखणं म्हणजे थेर वाटतात. मी दुपारी आडवी झाले की दारात येऊन विचारायच्या, "एवढं काय दुखतंय गं तुला?" आणि मी उठून बसायची. उठून बसायची आणि सांगत सुटायची: इथून इथपर्यंत, असं, आता कमी आहे, मघाशी जास्त होतं. जितकं सांगावं तितकं ते मलाच खोटं वाटायला लागायचं. शेवटी उठून भाकरी थापायला बसायची, आणि मग आत्ती म्हणायच्या, "बघ, हुतंय की!"

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी राजारामपुरीतल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या अंगावर ठिकठिकाणी बोटानं दाबून पाहिलं. साधं दाबणं, पीठ मळताना बोट दाबतो तेवढं, पण मी ओरडले. त्या म्हणाल्या, याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. सांधे झिजलेले नाहीत, हाडात काही नाही, पण दुखणं खरं आहे. राखणीचं कुत्रं चोराला भुंकतं तसं आपलं शरीर दुखून आपल्याला सावध करतं. तुमच्या राखणदाराला पान हललं तरी भुंकायची सवय लागली आहे. चोर नसेल, पण भुंकणं खोटं नाही. पूर्ण जाईल असं वचन देत नाही, म्हणाल्या, पण ताब्यात ठेवता येतं. रोज थोडं चाला, दमायच्या आधी थांबा. झोपायची-उठायची वेळ मोडू नका. गरम पाण्यानं शेका. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी आठवड्याची कामं उरकायला जाऊ नका, तिथंच तुम्ही सगळ्या बायका फसता. आणि झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. मी जिन्यावर बसून रडले. आजार आहे म्हणून आनंदानं रडणारी बाई त्या इमारतीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

पण आनंद कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंतच टिकला. दुकानदार यांच्या ओळखीचा. त्यानं गोळी बघून हळूच विचारलं, "वहिनींना डिप्रेशन हाय काय?" तीच गोळी मनाच्या आजारालाही देतात, आणि अशा दुखण्यालाही देतात, हे डॉक्टरीणबाईंनी मला नीट सांगितलं होतं. पण घरात माझ्या सांगण्याला किंमत किती? आत्तींच्या लेखी ती 'येड्याची गोळी' झाली. गल्लीत मात्र घराण्याची अब्रू राखायला त्यांनी सांगितलं, "सुनेला फायबर झालंय." जो तो मला विचारायला लागला, फायबर म्हणजे नक्की काय हो? मला हसू आलं होतं, नाही असं नाही. तरी दोन-तीन महिन्यांत त्या गोळीनं आणि रोजच्या थोड्या चालण्यानं माझी झोप जरा सुधारली, सकाळचा ताठरपणा थोडा लवकर सैल व्हायला लागला. आणि नेमकं तेव्हाच नवसाचं प्रकरण वर आलं.

झालं होतं असं, की मी अगदी अंथरुणाला खिळले होते त्या चैत्रात आत्ती गल्लीतल्या बायकांबरोबर टेम्पोनं डोंगरावर गेल्या होत्या. तिथं देवापुढं उभं राहून त्यांनी नवस बोलला, "माझ्या सुनंचं अंग बरं कर, ती माघातलं पाच खेटं अनवानी घालील." आमच्या भागात खेटे कुणाला सांगायला नकोत. माघातल्या रविवारी पंचगंगेवर अंघोळ करायची आणि कोल्हापूरहून चालत जोतिबाचा डोंगर चढायचा, असं पाच रविवार. जोतिबा रागावून उत्तरेकडे परत निघाला तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत त्याची मनधरणी करायला गेली, म्हणून ही रीत. देवीलासुद्धा कुणाची तरी समजूत काढायला अनवाणीच जावं लागलं, हे मला त्या वर्षी फार लागलं. असो. नवस आत्तींनी बोलला आणि पाय माझे गहाण टाकले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्यांनी हे सांगितलं माघ तोंडावर आल्यावर, आणि वर म्हणाल्या, "फेडला न्हाय तर देव धरतोय. आधीच तुजं अंग असलं."

मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे तरी म्हणतील, आई, हिला झेपायचं नाही. यांनी विचार केला, आणि विचार केला तो फौंड्रीच्या पद्धतीनं. म्हणाले, "खेटं घाल. पण तोवर गोळी बंद ठेव. मालात दोष आला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. साच्याची वाळू बदलली तर वाळूच, धातू तोच ठेवायचा. मगच कळतं फरक कशानं पडला. गोळीनं की देवानं, कळाय नको?" मला आजही त्या वाक्याचा राग पूर्ण जात नाही. आपली बायको म्हणजे भट्टीतून निघालेला नग नव्हे, हे त्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. आणि त्यांना ते अगदी सरळ, शहाणपणाचं वाटत होतं. नवसात औषध चालत नाही असं आत्तींनीही ठोकून दिलं. मी थकलेली होते. डॉक्टरीणबाईंना न विचारता गोळी एकदम बंद केली. तशी ती कधी बंद करू नये, हळूहळू कमी करायची असते, हे पुढं कळलं. चक्कर, मळमळ, डोळ्याला डोळा नाही, आगीतून उठून फुफाट्यात पडले.

पहिला खेटा रागाच्या जोरावर झाला. गल्लीतल्या बायका होत्या, पहाटेचा गारवा होता, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत म्हणत डोंगर चढून गेले. देवापुढं उभी राहिले तेव्हा मनात भक्ती नव्हती, हिशेब होता: हे घे, एक झाला. सोमवार-मंगळवार शाळेत खुर्चीवरून उठले नाही. दुसऱ्या रविवारी तळपायाला फोड होते, आणि अंगात असं दुखत होतं की रस्त्यावरचं वाहन जवळून गेलं तरी त्याचा धक्का हाडाला लागायचा. घरी आले तर आत्तींनी कौतुकानं पायावर पाणी घातलं, आरती ओवाळली, शेजारणींना बोलावून सांगितलं, "बघा, देवानं बळ दिलं. घरात पोळी लाटवत न्हवती, डोंगर चढून आली!" म्हणजे माझ्या चालण्यातून सिद्ध काय झालं, तर मला काही झालेलं नाही. ते फोड आले होते ना, त्यांचंच कौतुक झालं, कारण ते दिसत होते.

तिसऱ्या रविवारी वडणगे गेलं, कुशिरे गेलं, आणि गायमुखाच्या पुढं चढण लागली तशी मी संपले. संपले म्हणजे दमले नव्हे. दमलेल्या माणसाला दम खाल्ला की पुढं जाता येतं. माझे पाय माझे उरलेच नाहीत. बायकांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी येते. त्या गेल्या. मी वाटेच्या कडेला एका दगडावर बसले. समोरून, मागून माणसं चाललेली, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, म्हातारे, गुलालानं माखलेले. प्रत्येक जण जाता जाता म्हणत होता, "उठा मावशी, आलंच की आता!" आणि एका भल्या बाईनं तर पाय चेपून देते म्हणून पिंढरी अशी धरली की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिचा हात मी झटकला. ती नाराज होऊन गेली. मग मी डोंगराकडे बघितलं आणि मोठ्यानंच म्हणाले, "मी नाही येत. तुला गरज असली तर तू ये खाली." हे बोलले आणि घाबरले. आमच्याकडे देवाला कुणी असं बोलत नाही.

थोड्या वेळानं वरून खाली येणाऱ्या माणसांतून एक म्हातारी बाजूला झाली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. उंच, काळीसावळी, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि त्यावर गुलाल, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. इरकल लुगडं. बोलण्यावरून निपाणीच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी असावी. दर्शन करून परत निघाली होती. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तंगी, हात लावू काय तुला?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. पण मला धक्का त्या शब्दाचा बसला नाही. दोन वर्षांत माझ्या अंगाला डॉक्टरांनी हात लावले, आत्तींनी तेल चोळलं, नवऱ्यानं दंडाला धरून उठवलं, जावा-नणंदांनी पाठीत थापटी मारून धीर दिला. लावू का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नको." ती म्हणाली, "बरं," आणि हातभर अंतर सोडून खाली मातीत बसली. फडक्यातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढून मधे ठेवली. काही विचारलं नाही. आणि तिनं काही विचारलं नाही म्हणून मी सगळं बोलले. मानेपासून सुरुवात केली ती गोळीपर्यंत, नवसापर्यंत आले. मधे माझा शब्द हरवला की ती थांबायची, स्वतःचा घालायची नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "लई दुखतंय तर."

एवढंच. 'पण' नाही, 'तरी' नाही, 'मनावर घेऊ नकोस' नाही. मी हमसून हमसून रडले. ती भाकरी खात राहिली.

मग एकदम काहीतरी ध्यानात आल्यासारखं तिनं विचारलं, "नवस कुणी बोलला म्हणालीस?"

"सासूबाईंनी."

"मग तू कशाला चालालीस?" आणि अशी मोठ्यानं हसली की वाटेवरची चार माणसं वळून बघायला लागली. "अय्यो यव्वा! तोंड तिचं आन पाय तुजं! ज्यानं बोलला त्यानं फेडायचा. देवाला काय कळत न्हाय व्हय, कोण बोललं हुतं ते?"

मी म्हटलं, "देव धरेल म्हणतात."

"धरला तर तिला धरंल की. तुला कशाला धरतोय? तुला आधीच धरलंय, ते सोडव म्हणून तर बोलली न्हवं ती?" मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "बस हितंच. उनं झाली की खाली जा. गाडीत बसून जा. काय हुत न्हाय." आपल्या कपाळाचा थोडा गुलाल बोटावर घेतला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं बोट जेमतेम टेकवलं. खालून तिच्या माणसांनी कानडीत हाका मारल्या, तशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि "चांगभलं" म्हणून उतरायला लागली. तिचं नाव मी विचारलं नाही. मी देवाला खाली ये म्हणाले होते आणि ती वरून आली होती, एवढंच मला माहीत आहे. त्याचा अर्थ काय लावायचा तो ज्याचा त्यानं लावावा. मी त्या दगडावर ऊन चढेपर्यंत बसले, मग हळूहळू गायमुखापर्यंत उतरले आणि वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये बसून घरी आले.

घरी आत्ती आरती घेऊन दारातच. "वर गेलीस न्हवं?" मी म्हणाले, नाही. खाली बसले आणि जीपनं आले. त्यांच्या हातातलं ताम्हण तसंच राहिलं. नवस मोडला, देव खवळणार, घराण्याचं वाटोळं, सगळं झालं. मी धुळीच्या पायांनी उंबऱ्यावरच उभं राहून शांतपणे सांगितलं, "आत्ती, नवस तुम्ही बोललात. राहिलेला तुम्ही फेडा." लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. हे आतून ताडकन बाहेर आले. "डोकं फिरलंय काय तुझं? आई ह्या वयात डोंगर चढंल? तिचे गुडघे बघितलेस? मरंल ती दुखण्यानं!"

मी यांच्याकडे वळले. मग विचारलं, "त्यांच्या गुडघ्यांचा एक्सरे कधी काढलाय?"

नव्हता काढला. आत्ती उठताना "आई गं" म्हणतात, तेवढ्यावरच यांना ते पटलेलं होतं. कुणी कधी पुरावा मागितला नव्हता. संध्याकाळी बघितलं तर यांनी माझ्या गोळ्यांचं पाकीट कपाटावरून काढून पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलेलं होतं. त्यावर आमच्यात चकार शब्द झाला नाही, आजवर नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, गोळी पुन्हा सुरू करून दिली, आणि म्हणाल्या, चालणं वाईट नाही, पण एकदम डोंगर? आधी गल्लीच्या टोकापर्यंत जा. तिथून पुढचा खांब. मग त्याच्या पुढचा.

आत्ती हट्टी. सून बोलली ते त्यांना झोंबलं होतं. चौथ्या रविवारी पहाटे उठून अनवाणी निघाल्याच, आणि सोबत लेक, सगळी वाट आईचा दंड धरून. गल्लीतल्या बायका सांगत होत्या, दहा-दहा पावलांवर बसवत होता, पाणी पाजत होता, घाई नको आई म्हणत होता. ऐकताना माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. दुपारी आत्तींना टेम्पोतून उचलून आणलं. मी गरम पाणी दिलं, अंथरूण घातलं. पडल्या पडल्या त्या छताकडे बघत म्हणाल्या, "समदं अंग ठणकतंय गं. चादर सुदिक सोसंना." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुजं असंच असतंय?"

"रोज," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. देवानं माझं गाऱ्हाणं ऐकलं, आता ह्या घरात मला कधी काही सांगावं लागणार नाही. तीन दिवस आत्तींनी मला माझ्या दुखण्यावरून एक शब्द विचारला नाही. एकदा तर स्वतःच म्हणाल्या, पड जरा. चौथ्या दिवशी त्या खडखडीत बऱ्या झाल्या. स्वयंपाकघरात आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "बघ, माजं गेलं की! जोतिबानं काढलं. तुजंच का जाईना? श्रद्धा कमी पडतीया तुजी, दुसरं काय."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. त्यात एक भर घालते: विझलं की त्यालाही कळेनासं होतं. मी त्या दिवशी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला इतकं कडू वाटलं की तसं तपासणीच्या कुठल्याही कागदापुढं वाटलं नव्हतं. आणि त्याच कडूपणाच्या तळाशी मला ती मातीत बसलेली म्हातारी दिसली. ती माझ्याजवळ घटकाभर होती. तिनं माझं मानलं, भाकरी खाल्ली आणि आपल्या वाटेनं गेली. तिला मी काही पटवून दिलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. पटवणं हे माझं काम नव्हतंच, आणि मी दोन वर्षं तेच करत बसले होते, दुखण्यापेक्षा त्यानंच जास्त मोडले होते.

पाचव्या रविवारी आत्तींनी खेट्याचं नाव काढलं नाही, मी मात्र एसटीनं डोंगरावर गेले. चपला घालून. रांगेत एकानं विचारलं, "कितवा खेटा, मावशी?" म्हटलं, खेटा नाही, बसनं आले. तो जरा ओशाळला, मी नाही. गाभाऱ्यासमोर आले तेव्हा मागणं असं काही सुचेना. बरं कर म्हणायचं मनात नव्हतं, राग होता पण तोही बसून बसून निवला होता. मी देवाकडे बघून म्हणाले, "दुखतंय." आवाज जरा मोठाच निघाला असावा. पुजारी म्हणाले, "पुढं सरका, बाई, पुढं सरका." मला हसू आलं, आणि मी पुढं सरकले.

लोक विचारतात, गुण आला का? आला तेवढा सांगते. आता रोज थोडं चालते, थांबायचं कळलं आहे. बऱ्या दिवसाला हावरटासारखी कामं काढत नाही. नकाशा छापील वापरते. शब्द हरवला तर मुलींना सांगते, थांबा, येईल, आणि येतो. वाईट दिवस येतात, आले की आलेले असतात. शरण जाणं म्हणजे मोडून पडणं असं मी समजत होते. माझ्या वाट्याला त्याचा अर्थ एवढाच आला की, आपलं खरं आहे हे एकदा देवाच्या पायाशी ठेवायचं आणि मग दारोदार ते सिद्ध करत फिरायचं नाही. ज्यानं मला बरं केलं नाही, त्याचे मी याबद्दल आभार मानते, आणि हे लिहिताना अजूनही थोडी धुसफुस आहे, ती त्यालाही ठाऊक असेल.

त्या पाचव्या रविवारी डोंगरावरून आले आणि दुपारी आडवी झाले. सोप्यात आत्ती शेजारणींना घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकू येत होतं: चालत न्हाय गेली, बशीनं गेली, आन आता झोपलीया बघा. मग त्यांची पावलं वाजली. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "एवढं काय दुखतंय गं तुला?"

मी उठले नाही. कुठून कुठवर ते सांगितलं नाही. पडल्या पडल्याच म्हणाले, "लई."

आत्तींनी हळूच दार ओढून घेतलं, आणि बाहेर शेजारणींना म्हणताना ऐकलं, "जरा हळू बोला गं."